तिरकीचं स्टिअरिंग

डेअरीचा साहेब कोयत्याच्या वळणावर ‘थांबवा’ म्हणाला, खाली उतरला आणि काही केल्या परत जीपमध्ये चढेना.

तात्यांनी आधी हसून बघितलं. मग समजूत काढली. मग साहेबाच्या वयाचा विषय काढला, तो काढला नसता तर बरं झालं असतं. साहेब कातळाला पाठ लावून मान पुसत उभा. त्याचं म्हणणं एवढंच, की तुम्ही चाक फिरवता तेव्हा ही गाडी वळत नाही, आधी विचार करते, आणि तिचा विचार पुरा होईपर्यंत मी दरीत बघत बसतो. मागे रिकाम्या किटल्या धरून बसलेल्या सुनेला एकदम हसू फुटलं. तिने तोंड दुसरीकडे वळवलं, कारण साहेबाने अगदी नेमकं सांगितलं होतं.

पुराने पूल नेल्यापासून वरच्या वाड्यांचं दूध वरच अडकलं होतं. डेअरीची गाडी नदीपलीकडच्या सडकेपर्यंत यायची आणि हात हलवत परत जायची. इकडे गाई काही थांबायला तयार नाहीत, त्यांना पुलाशी काय घेणंदेणं! लोक वासरांना पाजून थकले, एकमेकांना वाटून थकले आणि शेवटी मान फिरवून दूध ओढ्यात ओतायला लागले. सुनेच्या घरीही तेच. तिचा नवरा सकाळी धारा काढायचा आणि नंतर स्वतःच्याच हाताने ओतून यायचा. उतरायला उरली होती ती जुनी घाटवाट, आणि तिच्या पायथ्याशी नदीचं गोट्यांचं पात्र. चारही चाकांना जोर असलेली गाडीच तिथून निघणार. तशा गाड्या दोनच, एक ट्रॅक्टरवाल्याचा नवाकोरा ट्रॅक्टर आणि दुसरी तात्यांची ही जीप.

साहेबाने तिथेच कातळापाशी निकाल सांगून टाकला. येत्या बाजाराच्या दिवशी दोघांनी भरल्या किटल्या घेऊन नदीपार यायचं. ज्याचं दूध नीट पोचेल त्याला रोजचं काम, नवा पूल होईपर्यंत. आणि पूल कधी होणार ते कोणाला ठाऊक!

“पण तात्या, हे स्टिअरिंग असंच असेल तर येऊच नका,” तो म्हणाला. “मी दुधाकडे बघू की तुमच्याकडे?”

असं म्हणून तो खाली चालायला लागला. बूट घातलेला माणूस, उतारावर घसरत, सावरत, पण पायी. तात्या त्याच्याकडे तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिले.

जीपला सगळे ‘तिरकी’ म्हणत. सोडली की डावीकडे जायची म्हणून तिरकी. तात्यांच्या लग्नाच्या आधीपासून ती घरात होती, त्यामुळे सासूबाईंचा, म्हणजे माईंचा, तिच्यावर सवतीसारखा राग होता. तात्या ती चालवायचे ते बघण्यासारखं असे. सरळ रस्त्यावरसुद्धा त्यांचे हात जात्याचा खुंटा धरल्यासारखे सतत हालत, इकडे थोडं, तिकडे थोडं, आणि वळण दिसायच्या आधीच चाक पाव फेरा फिरलेलं असे. अनोळखी माणसाला वाटे, म्हातारा चळला. तात्या म्हणत, ती माझ्या हाताची आहे, दुसऱ्याला दाद देत नाही. म्हणून दुसऱ्याला ती कधी मिळालीच नाही. सून लग्नाआधी वडिलांची पिकअप चालवायची, चांगली भाजीने भरलेली, बाजारापर्यंत. या घरात आल्यावर तिच्या वाट्याला आलं ते मागे बसून किटल्या धरणं. तिचा नवरा तर गाडीत बसला की ओकायचा, तो गोठ्यातच सुखी होता.

त्या दिवशी तात्या जेवले नाहीत असं नाही. जेवले, पण ताटाशी भांडत जेवले. साहेब भित्रा आहे. साहेब शहरात वाढला. ट्रॅक्टरवाल्याने त्याला चहा पाजला असणार. माई वाढत होत्या आणि हूं हूं करत होत्या. शेवटी सुनेलाच राहवेना.

“तात्या, चाक पाव फेरा फिरतं तोवर टायर हलत नाही,” ती म्हणाली. “साहेब खोटं नाही बोलला.”

“मला हलतं.”

“तुम्हाला हलतं, कारण तुम्ही वळण यायच्या आधीच फिरवायला घेता.”

नवऱ्याने घास तोंडाशीच थांबवला. तात्यांनी ताट बाजूला केलं, हात धुतले आणि अंगणात जाऊन जीपकडे पाठ करून बसले. झालं, आता अबोला, असं सुनेने मनाशी धरलं आणि स्वतःच्या जिभेला शिव्या दिल्या.

पण सकाळी ती बाहेर आली तर तिरकीचं नाक वर, खाली लाकडी ठोकळे, आणि जीपखालून तात्यांचे फक्त पाय दिसत होते. सुनेच्या पायांवरूनच त्यांनी ओळखलं की कोण आलं आहे.

“पाना दे. मोठा. आणि ये खाली, माणूस लागतो याला.”

सुनेचा आनंद काय विचारता! तिने बाह्या वर सारल्या, केस कापडात बांधले आणि पोत्यावर आडवी होऊन आत शिरली. वर सगळं काळं, तेलकट, मातीचे पापुद्रे धरलेलं. तात्या एकेका वस्तूवर बोट ठेवत सांगत होते, आणि कालचा राग कुठल्या कुठे गेला होता. चाक फिरवलं की ही पेटी फिरते, पेटीचा दांडा नाकाखालच्या मधल्या खुंट्याला ढकलतो, खुंट्यावरून हे आडवे दांडे निघतात आणि दोन्ही चाकांना ओढतात. दांड्याच्या प्रत्येक टोकाला वाटीत बसलेला एक लोखंडी गोळा. वाटी झिजली की गोळा खुळखुळतो. त्यांनी एक दांडा हाताने हलवला, तो बिनदातांच्या तोंडात जीभ फिरावी तसा फिरला. दुसरा हलवला, तोही. मधला खुंटा तर बोटांनी धरून हलत होता. तात्यांनी तो पुन्हा एकदा हलवून बघितला.

“इतकं नव्हतं हे,” ते म्हणाले.

सगळं सोडवायला घेतलं तेव्हा खरी मजा सुरू झाली. नट गंजून एकजीव झालेले. रॉकेल पाजलं, वाट बघितली, पान्याला पाइप लावून दोघं लोंबकळले. एक नट सुटला तेव्हा सून पाठीवर आपटली आणि तशीच पडून हसत सुटली. मग गोळ्यांचे बोल्ट चाकाच्या दांडीच्या डोळ्यांतून, म्हणजे भोकांतून, काही निघेनात. तिने बोल्टवर हातोडा उगारला तसा तात्यांनी तिचा हात धरला. बोल्टला मारायचं नाही, दांडीला मारायचं, आणि दोन्ही बाजूंनी एकदम. एक हातोडा त्यांचा, एक तिचा. पहिल्या खेपेला तिने उशिरा मारलं, दुसऱ्या खेपेला त्यांनी. तिसऱ्या खेपेला दोन्ही हातोडे एकाच क्षणी बसले, ठण्णकन आवाज झाला आणि गोळा आपणहून खाली गळाला. तिला वाटलं, आता दिवसभर हेच करावं.

एका वाटीतून गोळ्याबरोबर एक काळी चकती निघाली. तात्यांनी ती पटकन खिशात टाकली, पण माईंची नजर घारीची. ती चकती म्हणजे तात्यांच्या जुन्या चपलेचा तळ निघाला. कधीतरी खुळखुळ थांबवायला त्यांनी कापून कोंबला होता. दुसऱ्या वाटीतून दुसऱ्या पायाचा निघाला. माई म्हणाल्या, मी ती चप्पल गावभर शोधली होती, गरीब शेजारणीवर आळ घेतला होता. नवरा गोठ्यातून हे ऐकून इतका हसला की गाय बुजली.

नवे भाग कुठून आणायचे हा खरा प्रश्न होता. इतक्या जुन्या गाडीचं सामान दुकानात मिळत नाही. दुकानदार वर बघून हात जोडतो. पण नदीपलीकडच्या गावात भंगारवाल्याकडे तिरकीची सख्खी बहीण पडून आहे, असं तात्यांना आठवलं. दोघं झिजलेले भाग पोत्यात घालून निघाले, घाट उतरले, गुडघाभर पाण्यातून गोट्यांवर पाय रोवत पलीकडे गेले. पाणी ओढत होतं आणि पोतं खांद्याला कापत होतं. तात्यांनी पोतं मागितलं तर सुनेने दिलं नाही. मग त्यांनी ते जबरदस्तीने घेतलं, आणि अर्ध्यात पुन्हा तिच्या खांद्यावर आलं.

भंगारवाल्याच्या आवारात ती बहीण वेलींनी झाकलेली होती. चाकं नव्हती, इंजिन नव्हतं, पण नाकाखालचे दांडे शाबूत. आत हात घालावा तर पुढच्या पत्र्यावर एक कोंबडी अंड्यांवर बसलेली, आणि भंगारवाला म्हणे, तिला उठवायचं नाही, पिल्लं निघेपर्यंत गाडीला हात लावू देणार नाही. तात्यांनी कपाळावर हात मारला. सुनेने जरा विचार केला, खाली पोत्यावर आडवी झाली आणि म्हणाली, कोंबडी वर आहे, मी खालून जाते. तिने ते सगळं, नट न आपटता, हातोडा न मारता, फक्त पाइप लावून आणि दात ओठ खाऊन सोडवलं. जे गोळे डोळ्यांतून निघेनात ते दांडीसकट सोडवून खाली ओढले. कोंबडी तेवढा वेळ तिच्याकडे एका डोळ्याने बघत होती, पण उठली नाही. भंगारवाला इतका खूश झाला की त्याने दोघांना लेथवाल्याकडे स्वतः नेऊन सोडलं.

लेथवाल्याने मधल्या खुंट्यासाठी पितळी बुश, म्हणजे ज्यात तो घट्ट फिरेल अशी नळी, कातून दिला. पिवळी धमक भुशी उडत होती आणि तात्या यंत्राच्या इतक्या जवळ तोंड घालून उभे, की लेथवाल्याला त्यांना दोनदा मागे ओढावं लागलं. गरम बुश त्यांनी रुमालात घेतला आणि परतीच्या वाटेवर घडी घडी काढून बघत राहिले. खुंटा आत सरकवायचा, तो हवेसकट फुस्स करून बसायचा, आणि ते लहान मुलासारखे सुनेकडे बघायचे. तिच्याही अंगात तेच भरलं होतं. चढावर दम लागत होता तरी दोघांचं बोलणं संपत नव्हतं, आता दांडा कसा बसेल, ग्रीस किती लागेल, चाकं नीट एका रेषेत कशी आणायची.

बसवायला पुढचा दिवस गेला. चाकांची रेष लावायला माईंना सुतळी धरून बसवलं. टायरच्या पुढून अंतर घ्यायचं, मागून घ्यायचं, पुढचं केसभर कमी आलं पाहिजे. माई सुतळी धरून म्हणत, माझं आयुष्य या सटवीच्या पायाशी बसण्यात गेलं, पण सुतळी त्यांनी अशी ताणून धरली होती की बोट लावलं तर वाजावी. शेवटचा नट आवळून तात्या वर बसले. वाडीतली माणसं कुंपणाशी जमली होतीच. तात्यांनी चाकावर एक बोट ठेवलं आणि जरासं ओढलं. पुढचे दोन्ही टायर लगेच, त्याच क्षणी हलले. कुंपणावरून ‘आऽऽ’ असा आवाज आला. सुनेने टाळ्या वाजवल्या आणि मग तेलाच्या हातांनी डोळे पुसून तोंड काळं करून घेतलं.

तात्यांनी गाडी सुरू केली, गिअर टाकला, अंगणातून फाटकाकडे निघाले, आणि सगळ्यांच्या देखत सरळ गवताच्या गंजीत घुसले.

गंजी हळूच जीपच्या नाकावर कलंडली. कुंपणाशी कोणीतरी फिसकन हसलं. तात्यांनी मागे घेतली, पुन्हा फाटकाकडे वळले, आणि या वेळी फाटकाचा आतला खांब गेला. सरळ रस्त्यावर गाडी पिऊन आलेल्या माणसासारखी झुलत गेली आणि झुलत परत आली. तात्यांचं तोंड पडलं होतं. उतरल्या उतरल्या ते म्हणाले, भाग उलटे बसलेत. भंगारातलं सामान ते भंगारच. सुनेने एकेक नट तपासला, पुन्हा सुतळी धरली, सगळं जिथल्या तिथे होतं. तरी ते ऐकेनात.

“बस आणि बघ,” ते चिडून म्हणाले. “मग कळेल.”

ती बसली. हे शब्द ऐकायला तिला इतकी वर्षं लागली होती, आणि ते असे रागात मिळाले. तिने जीप फाटकातून बाहेर काढली, रस्त्याने आंब्यापर्यंत नेली, वळवली, आणली. चाक हातात हलकं होतं आणि म्हणेल तसं वळत होतं, तिला गावंसं वाटावं इतकं सुख झालं. पण अंगणात शिरताना तिला तात्या दिसले, आणि तिला एकदम सगळं कळलं. तिरकी सरळ झाली होती. तात्यांचे हात मात्र अजून जुन्याच तिरकीला वळवत होते, वळणाच्या आधी, पाव फेरा.

तात्यांनाही ते कळलं असावं. त्यांनी स्क्रू ड्रायव्हर घेतला, जीपच्या पुढच्या अंगात वाकले आणि स्टिअरिंगच्या पेटीवरचा स्क्रू सोडायला लागले. तो आवळला की चाक घट्ट, सोडला की ढिलं. आपण दोघं हाडं मोडेपर्यंत राबलो ते काय यासाठी, असं सुनेच्या अगदी ओठांवर आलं.

“अहो, हे काय करताय?” माईंनीच विचारलं.

“मला कळेल तशी करतोय.”

ढिली केल्यावर तात्यांनी फाटकातून एक सुरेख चक्कर मारली. लोकांनी मान डोलावली आणि घरी गेले. सुनेने मात्र जेवताना कोणाकडे बघितलं नाही. तिला राग येत होता आणि त्याहून जास्त वाईट वाटत होतं, कारण उद्या भरल्या किटल्या घेऊन कोयत्याच्या वळणावर जायचं होतं आणि तिला बोलायची हिंमत होत नव्हती. जेवण झाल्यावर, उजेड असतानाच, तात्या तिरकी घेऊन एकटेच घाटाकडे गेले. परत आले ते थेट झोपायला गेले.

बाजाराच्या दिवशी सकाळी अंगणात नुसती झुंबड होती. वरच्या वाड्यांतून लोक डोक्यावर किटल्या घेऊन आले होते. कोणी झाकणाखाली केळीचं पान लावत होतं, कोणी दोरी आवळत होतं, आणि सुनेचा नवरा प्रत्येक किटली हलवून बघत, हिला जागा द्या, तिला टेकू द्या, असा हुकूम सोडत होता. इतका ऐटीत तो तिने लग्नातही बघितला नव्हता. सून मागे चढायला गेली तर तात्या डावीकडे आधीच बसलेले. चालकाची जागा रिकामी.

“काल वळणापर्यंत गेलो होतो,” ते तिच्याकडे न बघता म्हणाले. “गाडी थांबवून उतरलो आणि पुढचं चाक कुठे आहे ते बघितलं. आजवर कधी उतरून बघितलं नव्हतं. मला वाटत होतं हातभर आत आहे. ते काठावर होतं.” त्यांनी चालकाची जागा हाताने झटकली. “साहेब उगाच नव्हता उतरला. मी स्क्रू परत आवळलाय. बस.”

सुनेने माईंकडे बघितलं. माईंनी डोळ्यांनीच ‘बस’ म्हटलं.

पहिला उतार सोपा होता. किटल्या एकमेकींना खेटून गप्प होत्या. सुनेच्या छातीत इतकं धडधडत होतं की तिला वाटलं इंजिनच बिघडलं. शेजारी तात्या ताठ बसलेले, हात गुडघ्यांवर, आणि ते हात आपोआप हालत होते, इकडे थोडं, तिकडे थोडं. मग कोयत्याचं वळण आलं. तिथे लवकर वळलं तर आतली चाकं खालच्या रस्त्यावर कोसळणार, उशिरा वळलं तर पुढे दरी. माणसाने नेमकं वळायचं कधी, हे त्या घाटात एकट्या तात्यांना माहीत होतं.

“आता,” तात्या म्हणाले.

तिने चाक हलवलं नाही. हे जुन्या तिरकीचं ‘आता’ होतं. तिचे हात आज्ञा पाळायला शिवशिवत होते, सासऱ्यांचं न ऐकण्याची तिला सवय नव्हती, आणि दरी तर समोर वाढत चालली होती.

“आता! आता म्हणतो ना!”

तिने आणखी एक श्वास जाऊ दिला आणि मग फिरवलं. तिरकी अलगद आतल्या अंगाने वळली, चारही चाकं रस्त्यावर, एका किटलीचं झाकणसुद्धा वाजलं नाही. सुनेच्या तोंडून आपोआप ‘हाऽ’ निघालं. पुढच्या वळणावरही तात्या लवकर म्हणाले, तिने पुन्हा थांबून फिरवलं. त्याच्या पुढच्या वळणावर ते काहीच बोलले नाहीत, हात मात्र गुडघ्यांवरून उचलून काखेत धरले. तिला ते दिसलं, आणि तिने नजर परत रस्त्यावर आणली.

नदीच्या गोट्यांत तिरकीने कमाल केली. एकेक दगड चाकाला धक्का देत होता, पूर्वी अशा धक्क्याने चाक हातातून निसटून कुठल्या कुठे फिरायचं. आता धक्का यायचा आणि दांडे तो गिळून टाकायचे. पाणी तळपायांना लागलं, इंजिन गुरगुरलं, पुढची चाकं पलीकडच्या मातीवर चढली आणि सडकेवरच्या माणसांनी आरडाओरडा सुरू केला. मग सुनेलाही राहवलं नाही, तिने भर पात्रात हॉर्न वाजवला.

साहेबाने किटल्या उघडून बघितल्या, वास घेतला, काचेची नळी बुडवली. मान हलवली. ट्रॅक्टरवाला थोड्या वेळाने आला. माणूस जिद्दीचा, पडला झडला तरी आला होता, पण ट्रॉलीच्या हिसक्यांनी त्याचं दूध घुसळून लोण्याच्या वाटेला लागलं होतं. साहेब हसला नाही, ही त्याची सभ्यता. तात्या हसले.

मग साहेब तात्यांकडे वळून म्हणाला, उद्यापासून रोज या, फक्त तुमच्या वयाला हा घाट झेपेल का ते सांगा.

“मी नाही येणार,” तात्या म्हणाले. “ही येईल. गाडी हिच्या हाताची आहे.”

सून किटली उतरवत होती, ती तशीच हातात राहिली. तिने विचारलं, मग तुम्ही काय करणार? ते म्हणाले, गोठ्यात हात लावीन, तुझ्या नवऱ्याला मदत होईल, वळणं तुला कळतात. बोलताना ते हसत होते, आणि साहेबाच्या माणसांना तिचं कौतुक सांगत होते, कोंबडीची गोष्टसुद्धा रंगवून सांगितली. तिला एवढं काम मिळालं, एवढी गाडी मिळाली, आणि तरी तिला ते हसू बघवत नव्हतं.

परतीच्या चढावर रिकाम्या किटल्या मजेत खणखणत होत्या. कोयत्याचं वळण आता खालून दिसायला लागलं. सुनेने गाडी हळू केली.

“तात्या, सांगा,” ती म्हणाली.

“तुला दिसतंय की.”

“दिसतंय. तरी सांगा. उद्यापासून मागे दूध असणार, माझी एक नजर किटल्यांवर असेल. वळणावर मला माणूस लागतो.”

तात्यांनी तिच्याकडे बघितलं, मग समोर. हात त्यांनी काखेतून काढून समोरच्या दांडीवर ठेवले. वळण जवळ आलं. त्यांचे ओठ हलले, पण आवाज निघाला नाही. ते थांबले. गाडी आणखी पुढे गेली, त्यांच्या कपाळावरची शीर फुगली, तरी ते थांबले, एक अख्खा श्वास.

“आता,” तात्या म्हणाले.

तिने त्याच क्षणी चाक फिरवलं.